सून गाळा चालवते, पण कायद्याच्या यादीत ती नाही. ‘कौटुंबिक व्यवसाय’ची व्याख्या हवी का?

लेक_लालबागची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

लालबागला आमचा मसाला कांडपाचा गाळा आहे. आजोबांनी भाड्याच्या जागेत एका डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, सुरुवात केली. अप्पांनी पुढे गाळा विकत घेतला, आज तीन डंक आहेत. मार्च ते मे आम्हाला जेवायला फुरसत नसते. बायका बेडगी, संकेश्वरी पिशव्या भरभरून आणतात. कुणाला मालवणी हवा, कुणाला आगरी, कुणाला घाटी. देठं खुडायची, खडा मसाला भाजायचा, कुणाचा डबा कुठला ते लक्षात ठेवायचं, आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना तिच्याच मिरचीचं कांडप करून द्यायचं. हे सगळं चौदा वर्षं माझी वहिनी बघते. त्याआधी आई बघायची. दादा रेल्वेत आहे, सुट्टीला मदतीला येतो. मी लग्न होऊन डोंबिवलीला. अप्पा आता ७६ वर्षांचे आहेत.

अप्पांनी ठरवलं, राहतं घर दादाच्या नावावर करायचं आणि गाळा वहिनीच्या. मला आणि दादाला मनापासून मान्य. बक्षीसपत्र करायला वकिलांकडे गेलो, तिथे कळलं ते असं:

घर मुलाला दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. गाळा मुलाला दिला तर बाजारभावाच्या ३ टक्के, कारण २०० रुपयांची सवलत फक्त राहत्या घराला आणि शेतजमिनीला. आणि गाळा सुनेला दिला तर पूर्ण दर, म्हणजे ५ टक्के आणि वर मेट्रोसाठीचा एक टक्का अधिभार. कारण यादीत नवरा, बायको, भाऊ, बहीण, मुलं-नातवंडं, आईवडील आहेत, सून नाही. ‘मृत मुलाची पत्नी’ आहे, पण ती घर-शेतीच्या सवलतीत.

हे ऐकून वहिनी काही बोलली नाही. अप्पा मात्र खुर्चीतून उठले. मुलाला काही झालं तरच सुनेला घरची धरणार का, असं ते वकिलांना म्हणाले. त्या बिचाऱ्यांचा काय दोष!

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. आपल्याकडे लाखो दुकानं, गिरण्या, खानावळी घरची माणसं चालवतात. ‘कौटुंबिक व्यवसाय’ म्हणजे काय, हे कायद्यात कुठे लिहिलं आहे का? नसेल तर लिहायला हवं, आणि असा व्यवसाय पुढच्या पिढीकडे देताना सरकारने हात द्यायला हवा, असं माझं ठाम मत झालंय. तुमचे अनुभव सांगा.

खारीबिस्कीट

पहिला! वाचूनच शिंक आली. अप्पांना नमस्कार सांगा.

अधिक_उणे

मी सीए आहे, त्यामुळे आधी हिशेब मांडतो. रेडी रेकनरने, म्हणजे सरकारी दरपत्रकाने, गाळा समजा ८० लाखांचा. दादाला दिला तर २ लाख ४० हजार. वहिनीला दिला तर ४ लाख, अधिभार वेगळा. कुणी सुचवेल की आधी दादाला द्या, मग दादा बायकोला देईल. दोन वेळा ३ म्हणजे ६ टक्के झाले. त्यापेक्षा सरळ ५ बरे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. प्राप्तिकर कायद्याचं, घरच्यांचं उत्पन्न एकत्र धरण्याचं कलम वाचा (१९६१च्या कायद्यात ६४वं). सासऱ्याने सुनेला मोबदला न घेता मालमत्ता दिली, तर त्या मालमत्तेचं उत्पन्न सासऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. म्हणजे कर लावताना सून घरची, सवलत देताना परकी. वीस वर्षं या धंद्यात आहे, पण हे अशिलाला समजावताना अजून मलाच वाईट वाटतं.

लेक_लालबागची

अधिक_उणे, हे तर मला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि आई? तिने पंचवीस वर्षं पगार न घेता काम केलं. आता तरी अप्पांनी तिला पगार दिला तर?

अधिक_उणे

त्याच कलमात तेही आहे. ज्या व्यवसायात नवऱ्याचा मोठा वाटा आहे, तिथून बायकोला मिळालेला पगार नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवतात. अपवाद एकच: तिच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता हवी आणि कमाई तिच्या त्या ज्ञानातून, अनुभवातून आलेली हवी. धुरावरून मसाला किती भाजला गेला हे ओळखण्याची पदवी कुठलं विद्यापीठ देतं?

हेतू वाईट नव्हता. बायकोच्या नावावर खोटा पगार दाखवून कर चुकवणारे होते, आहेत. पण जाळं टाकलं मोठ्या माशासाठी आणि अडकली तुमची आई.

कोर्टकचेरी

मूळ प्रश्नाला उत्तर देतो. कंपनी कायदा, २०१३ मध्ये ‘कौटुंबिक व्यवसाय’ अशी व्याख्या नाही. ‘नातेवाईक’ची आहे, आणि गंमत म्हणजे त्यात मुलाची बायको आणि मुलीचा नवरा दोघंही आहेत. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यात गुंतवणूक आणि उलाढाल मोजतात, घर मोजत नाहीत.

एक जुना उल्लेख भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम ५ मध्ये सापडतो. तिथे म्हटलंय की भागीदारी करारातून जन्मते, नात्यातून नाही. म्हणून कौटुंबिक व्यवसाय करणारे एकत्र हिंदू कुटुंबाचे सदस्य हे भागीदार नव्हेत. आणि त्याच ओळीत, व्यवसाय करणारं ब्रह्मी बौद्ध जोडपंही भागीदार नव्हे! ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानात होता ना. कौटुंबिक व्यवसाय म्हणजे काय नाही, एवढंच कायद्याने तेव्हा सांगितलं. काय आहे, ते सांगायचं राहून गेलं.

ट्रामचा_डबा

मग एचयूएफ, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब, करा की. सोपा मार्ग. आमच्या काळबादेवीच्या पेढीत सगळे तेच करायचे.

कोर्टकचेरी

ट्रामचा_डबा, इथे उलटा परिणाम होईल. एक तर गाळा अप्पांच्या स्वकष्टाचा आहे. तो कुटुंबाच्या सामायिक मालकीत टाकला, तर मुलगी सहदायाद, म्हणजे जन्मानेच वाटेकरी. महाराष्ट्रात १९९४ पासून, देशभर २००५ पासून. सून मात्र कुटुंबाची नुसती सदस्य, सहदायाद नाही. तिला वाटणी मागता येत नाही. म्हणजे डोंबिवलीच्या ताईंना हक्क मिळेल आणि डंकापाशी उभ्या असलेल्या वहिनीला नाही.

लेक_लालबागची

नको. मला तो हक्क वहिनीच्या वरचढ नको आहे.

वांद्रे_लोकल

आणि एचयूएफ हिंदू कायद्यातली गोष्ट आहे, जैन-शीख-बौद्धांनाही चालते, पण बाकीच्यांचं काय? माझे शेजारी बोहरी, तीन पिढ्या हार्डवेअर. पलीकडच्या इराण्याच्या हॉटेलात काका-पुतणे गल्ल्यावर. कौटुंबिक व्यवसायाची व्याख्या करायची तर ती धर्म विचारणारी नको. लेकताईंच्या मागणीला म्हणूनच +१.

तळटीप

माझं मत वेगळं आहे, रागावू नका. व्याख्या आली की दाखला आला. दाखला आला की खिडकी आली, खिडकीमागे साहेब आला. गुमास्ता, उद्यम नोंदणी, जीएसटी, अन्नपरवाना, महापालिकेचा आरोग्य परवाना, त्यात ‘कौटुंबिक असल्याचा दाखला’ आणखी एक. आमच्या छोट्या छापखान्याला कुणी नुसते वेळेवर पैसे दिले असते तरी तो आज चालू असता.

कायदा आहे तसा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांत द्यायचे, नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण ज्याच्याकडून पुढच्या महिन्याचं काम हवं आहे त्याच्यावर दावा कोण लावतो? वडिलांनी नाही लावला. आमची पाच माणसं रात्री दोनपर्यंत लग्नपत्रिकांच्या घड्या घालायची, आणि पैसे मुंज होऊन जाईपर्यंत यायचे नाहीत.

अधिक_उणे

तळटीप, मुद्दा शंभर टक्के खरा. त्यात आणखी एक मेख आहे. २०२१ मध्ये किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली केली, पण फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. ४५ दिवसांचं संरक्षण व्यापाऱ्याला नाही. छापखान्याला आहे, कांडपाला आहे, पण शेजारच्या किराणावाल्याला नाही.

पोरसवदा

बरेच दिवसांनी लिहितोय. एक व्याख्या आहे, आणि ती कुठे आहे हे कळलं तेव्हा मला धक्का बसला होता. बालकामगार कायद्यात.

२०१६च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला पूर्ण बंदी आली, पण एक अपवाद ठेवला: शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मूल आपल्या कुटुंबाला किंवा ‘कौटुंबिक उद्योगा’ला मदत करू शकतं, काम धोकादायक नसेल तर. मग त्या दोन शब्दांचा अर्थ सांगणं भाग पडलं. कुटुंब म्हणजे आई, वडील, भाऊ, बहीण, आत्या, काका, मामा, मावशी. कौटुंबिक उद्योग म्हणजे कुटुंबातली माणसं इतरांना हाताशी घेऊन करतात ते काम, पेशा, उत्पादन किंवा धंदा. आजी-आजोबा यादीत नाहीत!

मी स्वतः नववीपर्यंत मामाच्या गॅरेजात संध्याकाळ काढली आहे. मामा प्रेमळ होता. पण अभ्यास मागे पडला, तो पडलाच. म्हणून सांगतो, ‘कौटुंबिक’ हा शब्द नुसता गोड समजू नका. त्याच्या आडोशाला खूप काम फुकटात होतं. आईचं, सुनेचं, पोराचं. व्याख्या करायची तर ती या फुकटच्या कामाची मोजदाद करणारी करा.

लेक_लालबागची

पोरसवदा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी धागा काढला तेव्हा माझ्या डोक्यात फक्त मुद्रांक शुल्क होतं. तुम्ही बोट ठेवलंत ती जागा खरी दुखरी आहे. बँकेच्या फॉर्मवर आई नुसती ‘गृहिणी’ आहे. पंचवीस उन्हाळे तिने मिरचीच्या धुरात काढले. आजही खोकते.

फुलपुडी

सासूबाई दादर फुलबाजारात हार करतात, सासरे पण. मी पुड्या बांधायला जाते. विश्वकर्मा योजना आली सप्टेंबर २०२३ मध्ये, त्यातल्या अठरा कारागिरींत हार करणारे, म्हणजे मालाकार, आहेत. आम्ही खूश. तारणाशिवाय ३ लाखांपर्यंत कर्ज, ५ टक्के व्याज, अवजारांसाठी १५ हजार. मग कळलं, एका कुटुंबातून एकच. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. पात्रतेत लिहिलंय की कुटुंबाचा परंपरागत पेशा हवा, आणि लाभ मात्र एकाला. रात्रभर बसून दोघांनी ठरवलं, नाव सासऱ्यांचं. सासूबाईंचे हात जास्त वेगाने चालतात हे सगळ्या बाजाराला माहीत आहे.

वांद्रे_लोकल

फुलपुडी, म्हणजे आतापर्यंत किती कुटुंबं झाली बघा. मुद्रांकाच्या कायद्यातलं, प्राप्तिकरातलं, कंपनी कायद्यातलं, बालकामगार कायद्यातलं, योजनेतलं. पाच दारं, प्रत्येक दारावर वेगळी पाटी. माणसं तीच.

मिलान_ते_माहीम

मी आठ वर्षं इटलीत होतो, तिथलं सांगतो, उपयोग होईल. त्यांनी १९७५ मध्ये कुटुंब कायद्यात मोठी सुधारणा केली, तेव्हा नागरी संहितेत २३०-बिस हे कलम घातलं. ‘कौटुंबिक उद्योग’ असंच त्याचं नाव. घरातलं जे माणूस त्या धंद्यात किंवा घरात सातत्याने काम करतं, त्याला घराच्या ऐपतीप्रमाणे निर्वाह, नफ्यात वाटा आणि त्या कामातून वाढलेल्या मालमत्तेत वाटा. कुणाकुणाला? जोडीदार, नात्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंतचे रक्ताचे नातलग आणि दुसऱ्या पायरीपर्यंतचे लग्नाने झालेले. सून त्यात येते. शिवाय एक वाक्य साफ लिहिलंय: स्त्रीचं काम पुरुषाच्या कामाच्या बरोबरीचं धरावं. आणि मालकाने धंदा विकायला काढला किंवा वाटणी झाली, तर राबणाऱ्या घरच्यांना तो घेण्याचा पहिला हक्क.

मी ज्या बेकरीवर पाव घ्यायचो तिथली म्हातारी मला हे कलम क्रमांकासकट सांगायची. तिने दिरांविरुद्ध त्यावरच दावा जिंकला होता.

खारीबिस्कीट

बेकरी म्हटल्यावर माझं लक्ष लागलं. म्हातारीला सलाम!

दुबईकर

आमच्याकडे संयुक्त अरब अमिरातीत २०२२चा ३७ क्रमांकाचा कायदा आहे, जानेवारी २०२३ पासून लागू. एकाच कुटुंबाकडे बहुसंख्य भाग असलेली कंपनी स्वतःला कौटुंबिक म्हणून नोंदवू शकते, सक्ती नाही. मग कुटुंबाची सनद करता येते, भाग बाहेरच्याला विकण्याआधी घरच्यांना विचारावं लागतं. युरोपात माल्टाने त्याआधी, २०१६ मध्ये, स्वतंत्र कायदा केला. तळटीप यांना सांगायचं, नोंदणी ऐच्छिक ठेवली की खिडकीची भीती कमी होते.

कोर्टकचेरी

घरच्या कराराचं महत्त्व आपल्याकडच्या एका मोठ्या निकालात दिसतं. अंबानी बंधूंच्या वाटणीत २००५ मध्ये कौटुंबिक समझोता झाला होता. गॅसचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. मे २०१० मध्ये न्यायालयाने म्हटलं, घरच्यांनी आपसात केलेला समझोता कंपनीवर बंधनकारक नाही. एवढ्या मोठ्या घराची ही गत, तर आपल्या गल्लीत ‘आई म्हणाली होती’ या शब्दावर किती गाळे टिकणार?

ट्रामचा_डबा

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. १९३१ मध्ये गिरगावात दांडेकरांनी शाईची पूड करायला घेतली, घोडाछाप. त्याचीच पुढे कॅम्लिन झाली. २०११ मध्ये बहुसंख्य भाग जपानच्या कोकुयोने घेतले. ती कोकुयोसुद्धा कुरोदा कुटुंबाने १९०५ मध्ये सुरू केलेली, आणि सुरुवात कशाने? हिशेबाच्या वह्यांच्या पुठ्ठ्याच्या कव्हरांनी! आमच्या पेढीत घोडाछाप शाईने लिहिलेल्या चोपड्या मी स्वतः बांधल्या आहेत. जपानमध्ये तर २००८ साली छोट्या उद्योगांचा वारसा सुरळीत जावा म्हणून वेगळा कायदाच केला. तिथे धंदा चालू असून चालवायला वारस नाही म्हणून कुलूप लागतं.

तळटीप

ट्रामचा_डबा, आमच्याकडे वारस होता, मी. तरी लागलं.

ट्रामचा_डबा

तळटीप, ते वाचून बोललो नाही मी, माफ करा. छापखाना कुठे होता तुमचा?

तळटीप

ठाकुरद्वारला. ट्रेडल मशीन भंगारात दिलं, खिळ्यांचे खाने घरी ठेवलेत.

बावीस_वर्षं

आतापर्यंत सगळे मालकाच्या बाजूने बोलले. मी भुलेश्वरला एका घरच्या धंद्यात बावीस वर्षं नोकरीला आहे. घरातली सून चौदा वर्षं आहे, तसा मी बावीस. सणाला मला घरातलाच म्हणतात, आणि मनापासून म्हणतात. पण भावाभावांची वाटणी झाली तेव्हा मला कुणी विचारलं नाही की तू कुठल्या दुकानात जाणार. सरकारने सवलत द्यावी, पण त्या सवलतीत माझ्यासारख्याची नोकरी टिकवण्याची अट हवी. नाहीतर गाळा स्वस्तात नावावर करतील आणि दुसऱ्या महिन्यात बिल्डरला देतील.

मिलान_ते_माहीम

बावीस_वर्षं, अशी अट जर्मनीत आहे. तिथे वारसा कर मोठा. धंदा पुढच्या पिढीकडे जाताना ८५ टक्के माफ, पण पाच वर्षं धंदा चालवायचा आणि कामगारांच्या पगारांची एकूण बेरीज ठरावीक पातळीखाली जाऊ द्यायची नाही. सात वर्षांची कडक अट पाळली तर पूर्ण माफी. अगदी मोजकी माणसं असलेल्या दुकानांना पगाराची अट नाही.

अधिक_उणे

आपल्याकडे वारसा कर नाही, मृत्युकर १९८५ मध्येच गेला. म्हणून आपल्या मागणीचं स्वरूप वेगळं राहील. मुद्रांक, परवाने, बँक. पण अट तीच घालता येईल: पाच वर्षं विकायचा नाही.

आठवण_साठवण

बँकेवरून सांगते. बाबा गेले, एकट्याच्या नावावरची खानावळ. अन्नपरवान्याच्या नियमात निदान एवढी माणुसकी आहे की परवानाधारक गेला तर परवाना वारसासाठी ९० दिवस चालू राहतो, नाव बदलून घ्यायला वेळ मिळतो. बँकेने मात्र चौथ्या दिवशी चालू खातं गोठवलं. गॅसवाला, भाजीवाला, पोळ्या लाटणाऱ्या दोघी, सगळ्यांचे पैसे त्यात. मी बाबांबरोबर नऊ वर्षं काउंटरवर होते, त्याच शाखेत रोज पैसे भरायला मीच जायचे. तरी काउंटरवर विचारलं, आपण कोण? दहावा-बारावा करता करता मंगळसूत्र मोडलं आणि पगार भागवले. कौटुंबिक व्यवसायाच्या नोंदीत काम करणाऱ्यांची नावं असती, तर ‘आपण कोण’ला उत्तर देता आलं असतं.

लेक_लालबागची

आठवण_साठवण, 🙏. काय लिहू.

पागडीकर

उशिरा आलो. सगळे म्हणताहेत की आपला कायदा काम करणाऱ्याला ओळखत नाही. एका ठिकाणी ओळखतो, आणि ते आपल्या मुंबईतच रोज लागू होतं.

गिरगावात आमचं चष्म्यांचं दुकान पागडीचं. भाडेपावती आजोबांच्या नावावर होती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ७ (१५) (ड). भाडेकरू वारला आणि जागा धंद्याची असेल, तर भाडेकरू कोण? त्याच्याबरोबर त्या जागेत धंदा करणारा कुटुंबातला सदस्य. तसा कुणी नसेल तरच इतर वारस. मोठा मुलगा आधी असं नाही, पुरुष आधी असं नाही. गाळ्यावर कोण बसत होतं, हे विचारतात. माझे दोन काका परदेशी, वडील दुकानात. पावती वडिलांच्या नावावर झाली, तीही वीजबिल, उधारीची वही आणि शेजारच्या दोन दुकानदारांच्या जबानीवर.

म्हणजे भाड्याच्या गाळ्याला जे तत्त्व लावलंय ते मालकीच्या गाळ्याला का नाही? लेकताईंच्या अप्पांनी गाळा विकत घेतला नसता, तर प्रश्नच वेगळा झाला असता.

कोर्टकचेरी

पागडीकर, हे मला सुचायला हवं होतं! उत्तम. मागणी मांडताना परदेशातल्या उदाहरणांआधी हेच कलम पुढे करायला हवं.

लेक_लालबागची

काल रात्री आम्ही सगळे गाळ्यात बसलो होतो, मी हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. अप्पा पागडीकरांच्या प्रतिसादाला थांबवून म्हणाले, पुन्हा वाच. मग आम्ही मिळून काही लिहिलंय. चूक असेल तिथे हाणा.

‘ज्या व्यवसायात एका कुटुंबातल्या दोन किंवा अधिक व्यक्ती सलग तीन वर्षं प्रत्यक्ष काम करत आहेत आणि निर्णयाचा अर्ध्याहून अधिक अधिकार त्या कुटुंबाकडे आहे, तो कौटुंबिक व्यवसाय. कुटुंबात जन्माने, लग्नाने किंवा दत्तकाने आलेला प्रत्येक जण येतो, मग मालमत्ता कुणाच्याही नावावर असो. चौदा वर्षांखालचं मूल काम करणाऱ्यांत मोजायचं नाही. नोंदणी ऐच्छिक. नोंदीत काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि कामाला लागल्याचं वर्ष. नोंदीतल्या माणसाला व्यवसायाची जागा बक्षीस दिली, तर घराइतकंच शुल्क. पाच वर्षं जागा विकायची नाही, आणि जुन्या कामगारांना काढायचं नाही.’

शेवटचं वाक्य वहिनीने घातलं.

अधिक_उणे

एक मर्यादा घाला, नाहीतर टॉवर बांधणारेही ‘आम्ही कुटुंबच’ म्हणून येतील. सूक्ष्म उद्योगाची सध्याची रेषा वापरा: यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक, १० कोटींपर्यंत उलाढाल. एप्रिल २०२५ पासून हीच आहे, नवी शोधायला नको.

कोर्टकचेरी

‘प्रत्येक जण’ फार सैल आहे, लांबचे नातलग उगवतील. कंपनी कायद्यातली ‘नातेवाईक’ची यादी घ्या, त्यात सून आणि जावई आहेत, आणि आजी-आजोबा, नातवंडं वरून जोडा. पोरसवदांचं वाक्य घातलंत ते छान केलंत.

तळटीप

ऐच्छिक आहे, तर माझा विरोध मागे. पण व्यापाऱ्यांना ४५ दिवसांचं संरक्षण हे त्यात घालाच.

बावीस_वर्षं

वहिनींना सांगा, त्यांचं वाक्य मी आमच्या शेठना वाचून दाखवलं. ते गप्प बसले, पण चहा स्वतः मागवला.

अधिक_उणे

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर अप्पांसाठी हे करता येईल. अप्पा आणि वहिनी भागीदारी फर्म काढा, पण दोघांचीच नको. एक गेला की दोन माणसांची फर्म संपते. तिसऱ्या ताई तुम्ही व्हा, अगदी एक टक्क्याने. करारात लिहा की भागीदाराच्या मृत्यूने फर्म मोडणार नाही. गाळा फर्ममध्ये आणू नका, त्याला विक्रीइतकं शुल्क लागेल. तो अप्पांच्याच नावावर राहू द्या आणि मृत्युपत्राने वहिनीला द्या, मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. दादांनी आणि तुम्ही ते आधी वाचलेलं असू द्या. शक्य तर नोंदवा, डॉक्टरचा दाखला जोडा. आईंना अप्पांनी रीतसर मासिक रक्कम द्यावी. करात काही वाचणार नाही, पण खातं त्यांचं होईल.

आणि फर्म झाली की अन्नपरवाना, गुमास्ता, उद्यम, जीएसटी, सगळं फर्मच्या नावावर नव्याने. जुन्या नावावर मार्च सुरू करू नका.

लेक_लालबागची

मनापासून आभार. सोमवारी करार टाइप होतोय. फर्मचं नाव काय ठेवायचं यावरून घरात दोन तट आहेत. अप्पांना आजोबांचं नाव हवंय, आईचं म्हणणं नुसतं ‘लालबाग कांडप’ पुरे. वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, नाव नंतर, आधी तिसऱ्या डंकाचा पट्टा बदला, पंधरवड्यात मिरची येईल.

फुलपुडी

ताई, सासूबाई विचारताहेत, बेडगी दोन किलो आणि संकेश्वरी एक किलो आणली तर कांडप करून मिळेल का? कुठल्या वारी गर्दी कमी असते?

लेक_लालबागची

मंगळवारी सकाळी या, अकराच्या आत. देठं काढून आणा, भाजायला वहिनी आहे.